सेल, वायर आणि बल्ब : सहावी ते आठवीच्या वर्गातल्या विजेच्या नोंदी

२४ जून २०२४

शाळा चिपळूण तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. जिल्हा परिषदेची. सहावी, सातवी आणि आठवीचं विज्ञान माझ्याकडे आहे. पट कमी असल्यामुळे विजेच्या कामासाठी तिन्ही वर्ग एकत्र बसवायचं ठरवलंय.

पुस्तकात सातवीला आधी ‘स्थितिक विद्युत’ येते, म्हणजे घासल्याने वस्तूवर साचणारी वीज, आणि आठवीला ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’, म्हणजे वायरीतून वाहणारी वीज. कंगवा आणि कागदाचे कपटे घेऊन सुरुवात करायला मलाही आवडतं. पण कोकणात या दिवसांत हवा इतकी दमट असते की घासलेल्या कंगव्यावर प्रभार टिकतच नाही, ओलसर पृष्ठभागावरून तो निघून जातो. पहिलाच प्रयोग फसला की मुलं पुढच्या प्रयोगाकडे संशयाने बघतात. म्हणून स्थितिक विद्युत जानेवारीतल्या कोरड्या सकाळींसाठी राखून ठेवली. सुरुवात सेलपासून.

सामान बाजारातून आणलं. टॉर्चचे फिलामेंटवाले, म्हणजे आत तापून उजळणारी तार असलेले, बल्ब आता सहज मिळत नाहीत, जिकडे तिकडे एलईडी. एका जुन्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात २.५ व्होल्टचे मिळाले, ते सगळे एकाच खोक्यातले घेतले. शिवाय दीड व्होल्टचे जाडे सेल, सर्किट वायर, इन्सुलेशन टेप. होल्डर मुद्दाम घेतले नाहीत. होल्डर दिला की मुलं दोन स्क्रूंना दोन वायरी बांधून मोकळी होतात, आणि बल्बला स्वतःलाच दोन टोकं असतात हे शोधायची वेळच येत नाही. बाजारातल्या तयार किटबद्दलही माझं हेच म्हणणं आहे: जे शोधायचं तेच किटवाल्याने आधी जोडून ठेवलेलं असतं.

फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर राहतील असे नियम लिहिले. भिंतीतल्या प्लगवर कुठलाही प्रयोग नाही. तिथे २३० व्होल्ट आहेत, आपल्या सेलमध्ये दीड. मोबाइलची बॅटरी प्रयोगाला आणायची नाही, लिथियमची बॅटरी शॉर्ट झाली तर पेट घेऊ शकते. वायर गरम लागली की लगेच सोडायची.

२७ जून

प्रत्येक जोडीला एक सेल, दोन्ही टोकं सोललेली वीतभर वायर आणि एक बल्ब. काम एकच, बल्ब पेटवायचा. पण सामान हातात मिळण्याआधी वहीत चित्र काढायचं: तुमच्या मते वायर कुठून कुठे जाईल? या अटीवर मी ठाम राहिले. एकदा बल्ब पेटला की आधी आपल्याला काय वाटत होतं ते मूल विसरून जातं, आणि मला तर तेच हवं असतं.

वह्या फिरून पाहिल्या. निम्म्याहून अधिक चित्रांत वायर सेलच्या टोपीवरून निघते आणि बल्बच्या बुडाला भिडते, तिथेच थांबते. सेलमधून वीज बल्बात जाते, बल्ब ती वापरून टाकतो, काम झालं. मुलांनी घरी बघितलेलंही तसंच आहे. छताकडे पंख्याची एकच वायर जाताना दिसते. तिच्या आत दोन तारा आहेत हे बाहेरून कळत नाही. ही समजूत आमच्याच मुलांची आहे असं नाही, देशोदेशीच्या शाळांत ती सापडलेली आहे. काही चित्रांत सेलच्या दोन्ही टोकांपासून वायरी निघून बल्बच्या बुडाशी येतात. विचारलं तर उत्तर आलं, “दोन्हीकडून वीज येते नि आत आपटते, मग उजेड पडतो.” हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. त्या मुलाने निदान सेलला दोन टोकं आहेत याची दखल घेतली होती.

सामान वाटलं. बराच वेळ कुणाचाच बल्ब पेटला नाही. मी काही सुचवलं नाही. एका जोडीने सेलची दोन्ही टोकं वायरनेच जोडली आणि वर बल्ब टेकवला. “बाई, वायर तापली!” सगळ्यांना थांबवून ते वहीत लिहायला लावलं: बल्ब पेटला नाही, पण वायर तापली. म्हणजे काहीतरी वाहतंय, फक्त ते बल्बातून जात नाहीये.

शेवटी सहावीतल्या एका मुलीने बल्ब आडवा धरला आणि त्याच्या पितळी आट्यांना वायरचं टोक लागलं. पेटला, गेला, परत पेटला. तिने ओरडून सांगितलं नाही. पुन:पुन्हा लावून पाहिलं, मग शेजारणीला दाखवलं. पाच मिनिटांत सगळ्या वर्गात उजेड. मग विचारलं, असं किती प्रकारांनी पेटवता येईल? चार प्रकार आहेत: बल्बचं बूड सेलच्या टोपीवर आणि वायर आट्यांपासून सेलच्या तळाला, सेल उलटा करून तेच, आणि बल्बचं बूड व आटे यांची अदलाबदल करून आणखी दोन. मुलांना तीन सापडले. चौथा घरून काढून आणायला सांगितला.

‘परिपथ’ हा शब्द आज फळ्यावर लिहिला नाही. तो सोमवारी.

१ जुलै

चौथा प्रकार चित्रासह हजर.

आज बल्बच्या आत. घरातला जुना, आट्यांचा, पारदर्शक काचेचा ६० वॅटचा बल्ब आणि भिंग. दोन आधारतारा खाली जातात. एक मधल्या ठिपक्याला मिळते, दुसरी धातूच्या टोपीला. दोन्हींच्या मध्ये काचेसारखा काळा भाग. “तो काळा भाग नसता तर?” असं विचारलं तर गुरुवारी वायर तापवलेला मुलगा चटकन म्हणाला, “मग परवासारखंच, बाई. वाकड्या वाटेने जाण्यापेक्षा सरळ गेली असती.” शॉर्ट सर्किटची याहून चांगली व्याख्या वर्गातून येणार नाही, म्हणून मी ती तशीच फळ्यावर लिहिली.

मग लाल पेन्सिल. सेलच्या एका टोकापासून निघायचं, वायरमधून, बल्बच्या आतून, फिलामेंटवरून, परत सेलच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणि सेलमधूनही, पेन्सिल न उचलता. जिथे उचलावी लागेल तिथे रस्ता तुटलेला. आता ‘परिपथ’ लिहिलं. लाल पेन्सिलची ही तपासणी वर्षभर प्रत्येक चित्राला लावायची आहे.

फिलामेंट टंगस्टनचं का, याचं उत्तर मुलांना आकड्यात आवडलं: टंगस्टन ३४०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, म्हणून ते पांढरं तापूनही टिकतं. काचेत हवेऐवजी आरगॉनसारखा वायू भरतात, नाहीतर तापलेली तार जळून जाईल.

९ जुलै

पाऊस फार. पऱ्याला पाणी आल्यामुळे पलीकडच्या वाडीतली मुलं आली नाहीत. जी होती त्यांनी पुठ्ठा, दोन ड्रॉइंग पिना आणि एक सेफ्टी पिन घेऊन स्विच बनवले. स्विच बल्बच्या ‘आधी’ लावायचा की ‘नंतर’ यावर जोरात वाद. दोन्हीकडे लावून पाहिला, दोन्हीकडे चालतो. का, याचं उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात मुलं पूर्ण आली की तिथूनच सुरुवात.

१६ जुलै

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा तास, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन सेल, दोन सारखे बल्ब, एकामागून एक जोडायचे. आधी अंदाज. वर्गातल्या बहुतेकांचं मत असं की सेलच्या टोपीजवळचा बल्ब जास्त उजळेल, कारण विजेवर पहिला हात त्याचा. उरलेली दुसऱ्याला. हात वर करून मतं मोजली, फळ्यावर लिहिली, मग जोडणी. दोन्ही सारखेच उजळले. याच दोन सेलवर एकटा बल्ब लावला तर दिसतो त्यापेक्षा मंद, पण एकमेकांशी सारखे.

एका जोडीत मात्र एक बल्ब ठळकपणे मंद. “बघा बाई, आमचं खरं!” त्यातला एक बल्ब मुलाने घरच्या जुन्या टॉर्चमधला आणला होता. मी काही बोलले नाही. आठवीतल्या मुलीने सुचवलं, “बल्बांच्या जागा बदला ना.” बदलल्या. मंद बल्ब आता सेलच्या टोपीजवळ आला, तरी मंदच. मग सेल उलटे केले. तरी तोच मंद. म्हणजे जागेचा संबंध नाही, बल्बच वेगळ्या जातीचा. मी एकाच खोक्यातले बल्ब घेतले होते ते याच तासासाठी, पण त्या घरच्या बल्बाने जे शिकवलं ते सारख्या बल्बांनी शिकवलं नसतं. यापुढे एका गटात एक वेगळा बल्ब मुद्दाम ठेवणार.

मग प्रश्न उरतो: धारा संपत नाही तर सेल का संपतो? इथे दोरी काढली. सुती जाड दोरीची दोन टोकं बांधून मोठं वर्तुळ केलं, सगळ्यांनी ती हलक्या मुठीत धरली. एकजण सेल, तो दोरी एका हाताने ओढतो, दुसऱ्या हाताने पुढे सोडतो. समोरचा एक बल्ब. त्याने मूठ थोडी घट्ट करायची. दोरी सगळीकडे एकाच वेळी हलते, बल्बाच्या हातातून जेवढी जाते तेवढीच बाहेर पडते, तरी तळवा तापतो तो बल्बाचाच. आणि दमतो तो सेल. दुसऱ्या मुलीनेही मूठ घट्ट केली तेव्हा दोरी सगळीकडे हळू झाली, तिच्या आधीही आणि नंतरही. स्विच आधी की नंतर, हा प्रश्न मुलांनी स्वतःच तिथे निकालात काढला: दोरी कुठेही धरली तरी सगळीच थांबते.

तासाच्या शेवटी सहावीतून प्रश्न आला, “बाई, वायरीत दोरी घालतो कोण? सेल?” हा प्रश्न मी मनात धरून बसले होते. उत्तर असं की तांब्यात इलेक्ट्रॉन आधीपासूनच असतात. सेल त्यांना फक्त ढकलतो. ते सरकतात अगदी सावकाश, आपल्या वायरीत सेकंदाला एका मिलिमीटरपेक्षाही कितीतरी कमी. बटण दाबल्याबरोबर बल्ब लागतो कारण सगळा वेढा एकदम हलू लागतो. सेलपासून निघालेला इलेक्ट्रॉन बल्बापर्यंत पोहोचायची वाट बघावी लागत नाही.

३० जुलै

वाहक आणि दुर्वाहक. परिपथात एक फट ठेवायची आणि तिथे वस्तू लावायची. वस्तू मुलांनी आणायच्या. करवंटी, जांभ्याचा तुकडा, कोयता, फणसाचं पान, पेन्सिल, पैंजण, चॉकलेटचा चकचकीत कागद, नाणी, खडू, गंजका खिळा.

प्रत्येक वस्तूचा अंदाज आधी. चॉकलेटच्या कागदाने सगळ्यांना चकवलं: चकचकीत आहे, पण धातूच्या पातळ थरावर प्लॅस्टिक असल्यामुळे बल्ब लागला नाही. पेन्सिल दोन्ही बाजूंनी टोकदार करून लावली, शिशातून बल्ब मंद लागला, आणि आखूड पेन्सिलीतून जास्त. गंजलेल्या कोयत्याने काही झालं नाही; पॉलिश पेपरने थोडा घासला आणि लागला. कोयता मी स्वतःच हाताळला.

पाण्याला बल्ब दाद देत नाही. त्याला ०.३ अँपिअरच्या आसपास धारा लागते, तेवढी मिठाच्या पाण्यातूनही मिळत नाही. म्हणून दुसरा तपासक केला: तीन सेल, लाल एलईडी, धारेला अडथळा करणारा २२० ओहमचा रोधक. एलईडीला काही मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचे काही हजारांश, पुरतात. विहिरीच्या पाण्यात जवळजवळ अंधार, चिमूटभर मीठ टाकलं आणि लाल ठिपका उठला. म्हणजे ‘बल्ब लागला नाही’ याचा अर्थ ‘वीज वाहत नाही’ असा होत नाही. कधी कधी तपासणाराच कमी पडतो. हे मुलांनी वहीत चौकटीत लिहिलं.

इथून ओल्या हातांकडे जाणं सोपं. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहमांपासून लाखापर्यंत असतो, ओल्या कातडीचा हजाराच्या आसपास येऊ शकतो. पावसाळ्यात न्हाणीघरातल्या स्विचला ओला हात का लावायचा नाही, हे सांगायला वेगळं भाषण लागलं नाही.

१३ ऑगस्ट

सेलच्या आत काय असतं? लिंबात खिळा खुपसण्याचा प्रयोग सगळीकडे होतो. आम्ही कोकमाचं आगळ घेतलं. आगळ आंबट आणि खारटही, घराघरात बाटली असतेच, आणि लिंबातल्या पडद्यांची अडचण नाही. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत आगळ, प्रत्येकात एक तांब्याची तार आणि एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, दोन्ही एकमेकांना न टेकता. एका झाकणाने मल्टिमीटरवर एका व्होल्टच्या थोडं आतबाहेर दाखवलं. एकामागून एक चार जोडल्यावर लाल एलईडी लागला. खोली अंधारी करावी लागली, पण लागला. एलईडी उलटा लावला तर लागत नाही, लांब पाय तांब्याच्या बाजूला हवा. हे मुलांनी आपापसांत शोधलं.

टॉर्चचा बल्ब लावून पाहू असा हट्ट झाला. लागला नाही. व्होल्ट आहेत, पण धारा फार थोडी. मग झाकणांऐवजी वाट्या आणि खिळ्याऐवजी जस्ताच्या पत्र्याचा रुंद तुकडा घेतला. बल्ब तरी नाहीच, पण एलईडी बराच उजळला.

‘वीज आगळातून आली’ असं बहुतेकांनी लिहिलं. दोन्हीकडे तांब्याच्याच तारा लावून बघायला सांगितल्या: शून्य. आगळ तेच, तरी शून्य. दोन वेगळे धातू लागतात, आणि झिजतं ते जस्त. अलेस्सांड्रो व्होल्टाची गोष्ट इथे सांगितली, आधी सांगितली असती तर ती नुसती गोष्ट राहिली असती. बेडकाच्या पायाला धातू लागल्यावर तो आखडतो हे लुइजी गॅल्व्हानीने पाहिलं आणि वीज प्राण्याच्या शरीरात आहे असं मानलं. व्होल्टाचं म्हणणं, वीज दोन वेगळ्या धातूंमुळे. १८०० साली त्याने धातूंच्या चकत्या आणि मधे खाऱ्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा अशी चळत रचली, बेडकाशिवाय. सातवीतला मुलगा म्हणाला, “म्हणजे आपण आत्ता तांबं-तांबं लावलं तसंच त्याने बेडूक काढून बघितला.” अगदी तसंच.

प्रयोगातलं आगळ ओतून दिलं. त्यात जस्त विरघळलेलं असतं, ते पोटात जाता कामा नये. हे दोनदा सांगितलं, कारण सरबताची मागणी झाली होती.

२९ ऑगस्ट

महावितरणचे आमच्या भागातले वायरमन तासाला आले. त्यांना भाषण करू नका, मुलांच्या पेटीतल्या प्रश्नांना उत्तरं द्या, असं आधी सांगितलं होतं. पहिला प्रश्न: तारेवर बसलेल्या कावळ्याला करंट का लागत नाही? त्यांनी उत्तर देण्याआधीच मुलांनी लाल पेन्सिल मागितली. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, त्याच्यातून दुसरीकडे जायला रस्ता नाही. “आणि त्याचा पंख दुसऱ्या तारेला लागला तर?” या प्रश्नावर वायरमनांनी त्यांनी स्वतः पाहिलेलं सांगितलं, वर्ग गंभीर झाला. वादळात तुटून पडलेल्या तारेजवळ जायचं नाही, ओल्या जमिनीवर तर नाहीच, आणि मोठ्या माणसाकडून १९१२ ला फोन करवायचा, हे मुलांनी त्यांच्या तोंडून ऐकणं जास्त चांगलं.

घरचा अभ्यास मीटरचा. फक्त बघायचं, हात लावायचा नाही, घरातलं मोठं कुणीतरी सोबत. बऱ्याच मीटरांवर ३२०० असा आकडा छापलेला असतो: लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं यंत्र एक तास. बाकी सगळं बंद करून ७५ वॅटचा पंखा लावला तर दिवा मिनिटाला ४ वेळा लुकलुकायला हवा, १००० वॅटची इस्त्री लावली तर ५३ वेळा, आणि ९ वॅटच्या एलईडी बल्बासाठी एका लुकलुकण्याला दोन मिनिटांहून जास्त थांबावं लागेल. गणित आधी, मग बघणं.

२४ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर मुलं मीटरच्या नोंदी घेऊन आली. एका घरी सगळं बंद असताना दिवा अधूनमधून लुकलुकत होता. शोध घेतल्यावर रिमोटने बंद केलेला टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स सापडला. एकीने आजीला इस्त्रीचे आकडे दाखवले आणि आजीने सगळे कपडे एकदमच इस्त्री करायचं ठरवलं, असं तिने वहीत लिहिलंय.

आज वीज आणि चुंबक यांचं नातं दाखवणारा हान्स ख्रिस्तिआन अर्स्टेडचा १८२० सालचा प्रयोग. शिवणाची सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने घासली, कागदाच्या कपट्यावर ठेवून ताटातल्या पाण्यावर सोडली. ती उत्तर-दक्षिण स्थिरावली. तिच्या वर, तिच्याच दिशेने वायर धरली आणि सेलला क्षणभर टेकवली. सुई वळली. सेल उलटा केला, सुई उलटीकडे. वायर आडवी, म्हणजे पूर्व-पश्चिम धरली तर सुई जवळजवळ हलत नाही, म्हणून दिशेकडे लक्ष द्यायला हवं. क्षणभरच टेकवायचं, नाहीतर सेल लवकर संपतो आणि वायर तापते.

मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली, लाखेचा थर दिलेली तांब्याची तार खिळ्यावर गुंडाळून विद्युतचुंबक झाला. तारेची टोकं पॉलिश पेपरने खरवडायची राहिली की काही होत नाही, आणि मुलं ती खरवडायला विसरली नाहीत. गंजका कोयता लक्षात होता.

८ ऑक्टोबर

मोटर. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून घराघरात पोहोचवलेली साधी मोटर: सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तारेचं वेटोळं. वेटोळ्याच्या एका टोकाची लाख पूर्ण खरवडायची, दुसऱ्याची अर्ध्या बाजूचीच. ही अर्धी बाजू म्हणजे या मोटरीचा प्राण. पूर्ण खरवडली तर चुंबक वेटोळ्याला अर्ध्या फेरीत पुढे ढकलतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत मागे.

मग उलटं. खेळण्यातल्या मोटरीच्या दांड्याला दोरा गुंडाळून झटक्यात ओढला, मोटरीला जोडलेला एलईडी लकाकला. मायकेल फॅरेडेने १८३१ साली शोधलं ते हे. जुन्या सायकलच्या डायनॅमोवर बल्ब जोडला आणि सोडला. जोडलेला असताना चाक फिरवायला जड जातं हे प्रत्येकाने पायडल मारून अनुभवलं. उजेडाचं मोल मुलांच्या पायांना कळलं.

आणि मग आमच्या मागचा डोंगर. कोयना पूर्वेकडे जाते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते. धरणात अडवलेलं तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणून पोफळीच्या वीजघरात टर्बाइनवर सोडलं जातं, आणि पुढे ते आमच्या वाशिष्ठीत येतं. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट क्षमता. मुलांनी हे लहानपणापासून ऐकलेलं आहे, कुणाचे काका, कुणाचे आजोबा तिथे कामाला होते. पण पोफळीला पाणी ‘विजेत बदलतं’ अशी त्यांची कल्पना होती. आज पायडल मारलेल्या मुलाने सांगितलं, “पाणी पायडल मारतं.”

२१ ऑक्टोबर

परतीचा पाऊस, संध्याकाळी गडगडाट. अभ्यास: वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजायचे, तीनने भागायचं, तेवढे किलोमीटर. मोजणी घरात बसून. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेने तयार केलेलं, वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप पालकांच्या फोनवर घालायला सांगितलं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, हे गुराख्यांच्या घरच्या मुलांना विशेष बजावलं.

२६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी आणि निवडणुकीचं काम यात महिना गेला. आज १६ जुलैचाच प्रश्न, फक्त कागदावर: दोन बल्ब आणि दोन सेल, पहिल्या बल्बातून जाणारी धारा जास्त, कमी की सारखी, आणि का? जुलैचे अंदाज समोर ठेवले नव्हते. बहुतेकांनी ‘सारखी’ लिहिलं आणि कारणात दोरी आली. तिघांनी पुन्हा ‘पहिल्याला जास्त’ लिहिलं. ही समजूत चिवट असते. त्या तिघांना उत्तर न सांगता पुन्हा बल्ब आणि सेल दिले, आणि या वेळी घरचा वेगळा बल्बसुद्धा.

७ जानेवारी २०२५

गेले काही दिवस सकाळची हवा कोरडी, ओठ फुटतायत. स्थितिक विद्युत आज.

शीतपेयाच्या दोन नळ्या कागदाने घासल्या, एक दोऱ्याने टांगली, दुसरी जवळ नेली: दूर पळते. घासलेला कागद जवळ नेला: जवळ येते. नळी भिंतीला चिकटते, कपटे उडतात, केस उभे राहतात. जूनमध्ये यातलं काहीच धड झालं नसतं. पण मला दिसलेला खरा फरक निराळा होता. सहा महिने परिपथ केलेल्या मुलांनी लगेच विचारलं, “बाई, इथे रस्ता कुठंय? ही वीज परत कुठे जाते?” कंगव्यापासून सुरुवात केली असती तर हा प्रश्न कुणाला सुचला नसता. पुस्तकाचा क्रम उलटा करायचा की नाही याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही, निदान कोकणातल्या शाळेसाठी तरी.

दुसरा प्रश्न आठवीतून: कंगव्यातली वीज आणि सेलमधली वीज एकच का? हा प्रश्न फॅरेडेच्या काळातही खुला होता; वेगवेगळ्या मार्गांनी मिळालेली वीज एकाच स्वरूपाची आहे हे त्याने १८३३ साली प्रयोगांनी मांडलं. आम्ही जुन्या टेस्टरमधला निऑनचा छोटा दिवा काढला. तो पेटायला साठ-सत्तर व्होल्ट तरी लागतात. पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरी मफलरीने घासला, खिडक्या लावल्या, दिव्याचं एक टोक बोटांत धरून दुसरं पाइपवरून फिरवलं. नारिंगी लकाकी, क्षणभर, पण वर्गातल्या प्रत्येकाने पाहिली. घरातल्या प्लगमध्ये लागतो तोच दिवा, आणि इथे प्लगही नाही, सेलही नाही. लाल पेन्सिल फिरवली: पाइपवरून दिव्यात, दिव्यातून बोटात, शरीरातून जमिनीत.

मग शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली की उजेड दिव्यातल्या दोन तारांपैकी एकाच तारेपाशी दिसला. तिचं निरीक्षण बरोबर आहे. एकाच दिशेने धारा गेली की निऑनमध्ये ऋण टोकाजवळची तार उजळते, आणि लोकरीने घासलेला पीव्हीसी ऋण असतो. आता वर्गाला काचेची बाटली रेशमी कापडाने घासून उजेड दुसऱ्या तारेवर जातो का ते बघायचंय. एकीने आईच्या जुन्या पैठणीचा तुकडा आणायचं कबूल केलंय, बाटली माझ्याकडे आहे. गुरुवारी पहिल्या तासाला, ऊन चढायच्या आत.